दूध कशात तापवता?

(गोंदिया येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी 'लहान मुलांच्या पोटाचे काही वेगळे आजार' असं सांगून टाकलं. पत्रिका घरी आली तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळी, ऐन जेवणाआधी, हे ऐकायला कोण येणार?" तुम्ही आलात. आता मी जेवणावरची वासना उडणार नाही एवढी काळजी घेतो.

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते उत्तरापेक्षा प्रश्नाला जास्त गुण द्यायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज मी मुख्यतः एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. तीन शब्दांचा प्रश्न आहे. तो विचारायला डॉक्टरकी लागत नाही. आम्ही डॉक्टरांनी तो फार वर्षं विचारला नाही.

१९७९ साल. मी बालरोग विभागात निवासी डॉक्टर होतो. गोंदिया तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला, त्याआधी आपण सगळे भंडाऱ्याचेच. तिरोड्याकडचं एक लेकरू भरती झालं. चौदा महिन्यांचा मुलगा. पोट पुढे आलेलं, हातपाय वाळलेले, अंगात बारीक ताप आणि सारखी किरकिर. मी पोटावर हात ठेवला. चांगल्या लेकराचं यकृत बरगडीखाली जेमतेम लागतं आणि ओठासारखं मऊ लागतं. हे बेंबीपर्यंत उतरलेलं होतं, लाकडासारखं टणक होतं, आणि त्याची कड पळसाच्या पानाच्या कडेसारखी बोटाला कापत होती. एकदा ती कड बोटाला लागली की माणूस आयुष्यभर विसरत नाही.

आमच्या सरांनी केसपेपरवर तीन अक्षरं लिहिली, आय.सी.सी. म्हणजे इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस. आजाराच्या नावात देशाचं नाव असणं काही भूषणाचं नाही, पण होतं तसं. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याचं वर्णन केलं आणि पुढची नव्वद वर्षं देशभरच्या डॉक्टरांनी त्यात भर घातली ती वर्णनाचीच. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतची मुलं, आधी पोट चढतं, मग पोटात पाणी होतं, मग कावीळ, मग शेवट. औषध नव्हतं. मद्रासच्या जम्मी यांचं 'लिव्हर क्युअर' घेऊन लोक मोठ्या आशेने यायचे. लोकांच्या तोंडी आजाराचं नावही तेच होतं, 'पोराला लिव्हर झालं'. जणू आधी ते त्याला नव्हतंच.

या मुलाचा बाप रोज राउंडला एकच विचारायचा, "दूध चालू ठेवू का जी?" आम्ही सांगायचो, ठेवा, भरपूर द्या, ताकद येईल. मुलाची मावशी आमच्या रुग्णालयाच्याच शहरात राहायची. ती रोज सकाळी घरून दूध तापवून आणायची, पितळेच्या कडीच्या डब्यात. डबा चिंचेने घासून असा लखलखीत केलेला असायचा की खाटेखाली ठेवला तरी त्यात खिडकी दिसायची. एकदा त्याच दुधाचा चहा आम्हा तिघा डॉक्टरांना पाजला तिने. सहाव्या आठवड्यात मुलगा गेला. केसपेपरवर आमच्या हातचं शेवटपर्यंत लिहिलेलं आहे, 'दूध चालू ठेवावे'.

या लेकराच्या आधी त्याचा थोरला भाऊही असाच गेला होता. एकाच घरात दुसरं, तिसरं मूल याच आजाराने जाणं तेव्हा नेहमीचं होतं. त्यामुळे डॉक्टर म्हणायचे, आनुवंशिक असणार. घरची माणसं ते आपल्या भाषेत म्हणायची. त्या आईची सासू व्हरांड्यात कोणाला तरी सांगत होती, "हिची कूसच तशी."

दुसरीही एक गोष्ट आम्हाला दिसायची, पण कळायची नाही. कुपोषणाने पोट आलेली मुलं गरिबाघरची असत. ही मुलं मात्र खाऊनपिऊन बऱ्या घरांतली असत. दारात गाय, घरात दूधदुभतं, मांडणीवर भांडी. गरिबाकडे मातीचं मडकं नाहीतर जर्मनचं पातेलं. पितळ कुठे होतं? बऱ्या घरात. आणि आपण बसलो आहोत कुठे? भंडाऱ्याला पितळेचं गाव म्हणतात, गावाच्या नावातला 'भाण' म्हणजे भांडंच असं जुने लोक सांगतात. गुंड, गंज, परात, कोपर, लोटा. मुलीच्या लग्नात पितळ किती दिलं यावर घराची पत ठरायची. माझ्या आईच्या रुखवतातला गंज अजून आमच्याकडे आहे. त्यावर तिचं नाव ठोकून कोरलेलं आहे.

आता यकृतात काय होतं ते जरा सांगतो, सोपं करून. तांबं शरीराला लागतं, पण अगदी किंचित. जास्तीचं तांबं बाहेर टाकायची वाट मुख्यतः एकच, यकृतातून पित्तात आणि पित्तातून शीवाटे. नवजात मुलात ही वाट नीट उघडलेली नसते. आईच्या पोटातून आणलेला तांब्याचा साठा त्याच्या यकृतात मुळातच मोठा असतो. पुढच्या काही महिन्यांत तो उतरतो, कारण आईच्या दुधात तांबं थोडं असतं. निसर्गाने हिशेब बरोबर बसवला आहे. मोठ्या माणसाच्या दर ग्रॅम सुकवलेल्या यकृतात ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं सापडतं. या आजारातल्या मुलांच्या यकृतात ते हजाराच्या घरात आणि त्याही वर सापडायचं. लंडनच्या काही डॉक्टरांनी १९७८ साली अशा यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवले, तर पेशी काळपट तपकिरी कणांनी भरलेल्या दिसल्या. ते कण तांबं धरून बसलेल्या प्रथिनांचे होते.

आलं कुठून एवढं तांबं? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पण मग आपल्या आयाबायांना पितळ घातक असतं हे माहीत नव्हतं का? तसं म्हणता येणार नाही. मराठीत त्यासाठी खास क्रियापद आहे, कळकणे. ताक पितळेत ठेवू नये, कळकतं. चिंचेचं सार, अंबाडीची भाजी, लिंबाचं काही असेल तर भांड्याला कल्हई हवी. कल्हईवाला दारात बसायचा, भाता चालवायचा, नवसागराचा धूर उठायचा, कथलाचा हात फिरला की पितळ आतून चांदीसारखं दिसायचं. आंबट पदार्थ आणि पितळ यांचं वैर जिभेला कळत होतं, म्हणून भाषेत आलं. दूध मात्र गोड. ते कळकत नाही. त्याला हिरवी झाक येत नाही. दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे तांबं भांड्यातून दुधात उतरत राहतं आणि जिभेला पत्ता लागत नाही. माझ्या आईच्या गंजाला कधी कल्हई झालेली मला आठवत नाही. दुधाच्या भांड्याला कल्हई कशाला, असंच सगळे म्हणायचे.

त्यात आपली रीत आठवा. सकाळचं दूध गंजात ओतायचं, चुलीच्या वैलावर ठेवायचं, ते मंद आचेवर दिवसभर राहायचं, संध्याकाळी त्यावर बोटभर साय. साय जाड म्हणजे गृहिणी चांगली. आईला दूध कमी आहे, किंवा ती रोवणीला जाते, दिवसभर विड्या वळते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच त्या गंजातलं वाटीभर दूध लेकराला. हे प्रेमानेच होत होतं, आणि बऱ्या घरात जास्त होत होतं.

हा धागा पकडला पुण्यात. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडचे डॉ. टॅनर. त्यांनी यकृत पाहिलं, रक्त पाहिलं, आणि मग आयांना विचारलं, बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? कशात तापवता? कशात ठेवता? १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. आजारी मुलांना लवकर वरचं दूध मिळालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातलं होतं. मग १९८७ साली आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुलं यांच्या आहाराची तुलना आली. त्याच वर्षी औषधाचाही निकाल आला. पेनिसिलामीन नावाचं औषध तांबं धरून लघवीवाटे बाहेर काढतं. तांबं साठण्याच्याच दुसऱ्या एका आजारात, विल्सनच्या आजारात, ते १९५६ पासून वापरात होतंच. कावीळ दिसायच्या आधी ते सुरू केलं तर यातली बरीच मुलं वाचतात, असं पुण्याच्या मंडळींनी दाखवलं. ज्या आजाराला आम्ही तीन अक्षरं लिहून हात जोडत होतो, त्यातून मुलं उठून शाळेत जायला लागली.

तो लेख मी वाचला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर कडीचा डबा आला. मी लगेच कोणाला काही बोललो नाही. तीन-चार दिवसांनी बायकोला सांगितलं.

आता, सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. डॉ. नायक आणि मुंबईचे डॉ. चितळे यांच्यासारख्या जाणत्या विकृतिशास्त्रज्ञांनी शेवटपर्यंत हरकत घेतली. तांबं हे यकृत बिघडल्याचा परिणाम असेल, कारणच कशावरून, असं त्यांचं म्हणणं. हरकत हलकी नाही. एकाच गंजातलं दूध चार भावंडं प्यायली आणि एकालाच आजार झाला, हे मीही पाहिलं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांत नळाच्या पाण्यात तांबं जास्त होतं, पण तिथे लहान मुलांत यकृताने एकही मृत्यू सापडला नाही, असं १९९४ साली प्रसिद्ध झालं.

याचं उत्तर मला ऑस्ट्रियात सापडतं. तिथल्या टायरॉल या डोंगरी भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुलं हुबेहूब आपल्यासारख्या आजाराने दगावली. १९९६ साली डॉ. म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. ना ती मुलं भारतीय, ना तिथे चिंच. त्यांनी वंशावळी काढल्या, तर दोन्हीकडून एक दोष आला की आजार व्हायचा, असं दिसलं. पण तो दोष एकटा पुरत नव्हता. त्या शेतकऱ्यांच्या घरी गाईचं दूध तांब्याच्या भांड्यात उकळत, तेच बाळाला देत. कारखान्यातली नवी भांडी आली आणि आजार थांबला. रक्तातला दोष कुठे गेला नव्हता, तो अजून त्या दऱ्यांमध्ये असेलच. गेलं ते भांडं. माझं मत असं की आपल्याकडेही हेच झालं. सासूचं 'कूस तशी' अर्धवट खरं होतं आणि पुण्याचा प्रश्न पूर्ण खरा होता. कारण कूस बदलता येत नाही, गंज बदलता येतो.

आणि तो बदलला. मोठी मोहीम निघाली म्हणून नव्हे. पुण्याच्या डॉक्टरांनी आपल्या भागात पितळ सोडायला सांगितलं, त्याचा गुण आला. पण आपल्या खेड्यांत कोण सांगायला आलं होतं? आली ती बोहारीण. डोक्यावर टोपली, 'जुने कपडेऽऽ भांडीऽऽ' अशी आरोळी, आणि दोन जुन्या साड्या नि एका पँटीवर स्टीलचं पातेलं. स्टील घासायला सोपं, कल्हई नको, नवीन दिसतं. बायकांनी पितळेची मोड विकली आणि स्टील घेतलं. त्यानंतरच्या वीस वर्षांत मी ती पानासारखी कड हाताला लागल्याचं दोनदाच अनुभवलं. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी ती पुस्तकातच वाचली आहे. शंभर वर्षं वैद्यकशास्त्राला न हटलेला आजार बोहारणीच्या टोपलीपुढे हटला, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. त्यांना विनोद वाटायचा.

अलीकडे तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आली आहे. मोठ्या माणसाने त्यात रात्रभर ठेवलेलं साधं पाणी प्यायलं तर मी भांडायला जाणार नाही. पण परवा एका नातवाच्या बारशात मला चांदीच्या वाटीबरोबर तांब्याचा दूध तापवायचा गंज आहेर म्हणून दिसला. सुबक होता, ठोक्याचा. मी तो उचलून आतून पाहिला. कल्हई नव्हती. यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, यात फुलं ठेवा.

भांड्याकडून जरा बांधाकडे येऊ. १९७५ च्या सुमारास आपल्या शेजारच्या राज्यातल्या सरगुजा जिल्ह्यात चार गावांत ६७ माणसं, मोठी आणि लहान, एकाएकी पोटात पाणी होऊन आजारी पडली. २८ गेली. दिल्लीहून डॉ. टंडन आणि त्यांचे सहकारी आले. आजारी घरांत सगळे गोंदली खात होते, म्हणजे आपली कुटकी. त्या धान्यात एका तणाचं बी मिसळलं होतं. ते तण खुळखुळ्याच्या जातीचं. शेंग वाळली की आत बिया वाजतात, म्हणून पोरं ती खेळायला घेतात, तोच खुळखुळा. त्यातल्या विषाने यकृतातल्या बारीक शिरा बुजतात. उपाय साधा होता, धान्य पाखडून घ्या.

पश्चिम उत्तर प्रदेशात तर दर हिवाळ्यात दोन-चार वर्षांची मुलं दोन-तीन दिवसांत मरत. मेंदूज्वर म्हणून वर्षानुवर्षं नोंद झाली. बिजनोरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. जेकब जॉन यांनी घरी जाऊन विचारलं, मूल कुठे खेळत होतं? उत्तर आलं, कासविंद्याच्या झुडपापाशी, शेंगा खात. हे २००७ साली प्रसिद्ध झालं. आपण पावसाळ्यात तरोट्याची भाजी खातो. ती खुशाल खा, मीही खातो. कासविंदा त्याच्या भावकीतला आहे, पण तो वेगळा. त्याच्या शेंगा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आता आपल्या जिल्ह्याचं रोजचं दुखणं. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे लेकरू आधी माळ घालायला किंवा कावीळ उतरवायला नेतात. तो माणूस हातावर सालीचा रस चोळतो, चुन्याच्या पाण्यात हात धुववतो, पाणी पिवळं होतं. ते पिवळेपण सालीचं आणि चुन्याचं असतं. तुमच्या-माझ्या हातावर चोळलं तरी तसंच उतरेल. आणि पूर्व विदर्भात हे डोळे पुष्कळदा काविळीचे नसतातच, सिकलसेलचे असतात. तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांचा पिवळा रंग डोळ्यांत येतो आणि पित्ताशयात साठून दहा-बारा वर्षांच्या पोरातही खडे होतात. पोटात दुखतं म्हणून एका मुलीचं अपेंडिक्स काढलेलं मी पाहिलं आहे. कुठे, ते सांगत नाही. सिकलसेलची साधी तपासणी कोणी केली नव्हती. तिच्या मामाला हा आजार होता आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. विचारलं कोणी नाही.

शेवटची गोष्ट सांगतो आणि बसतो. मागच्या रांगेत काही आशाताई आणि अंगणवाडी सेविका आल्या आहेत, त्यांच्यासाठी ती मुद्दाम राखून ठेवली.

पुष्कळ बाळं जन्मल्यावर चार दिवस पिवळी पडतात आणि आपोआप निवळतात. पण काही थोड्या बाळांमध्ये यकृतातून पित्त आतड्यात नेणारी नळीच बुजत जाते. बाळ दिसायला छान असतं, दूध पितं, वजन घेतं. फक्त डोळे पिवळे राहतात आणि शी फिकी होते. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शीला रंगच नाही. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ साली यावरची शस्त्रक्रिया मांडली. ती साठ दिवसांच्या आत झाली तर चांगलं यश येतं, पुढे पुढे ते घसरत जातं. मग राहतं यकृतारोपण. आपल्या देशात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृतारोपण १९९८ साली दिल्लीला झालं, त्या मुलाचा आजार हाच होता. पण आरोपणाचा खर्च आणि दात्याची शोधाशोध सालेकसा-देवरीच्या बापाला झेपणारी नाही. साठ दिवस मात्र त्याच्या हातात असतात.

तैवानने काय केलं ते ऐका. २००४ पासून त्यांनी प्रत्येक नव्या आईला शीच्या रंगांचं छापील कार्ड दिलं. कोणता रंग चांगला, कोणता वाईट, चित्रात. बाळाचा लंगोट उघडा, कार्ड शेजारी धरा, जुळवा. मशीन नाही, सुई नाही.

एका आजीला मी विचारलं होतं, "शी कशी होते बाळाची?" ती म्हणाली, "सपा पांढरी जी, छुईच्या मातीवानी. आमी म्हटलं, दूधच पितो, त पांढरीच होईन नं." बाळ तेव्हा चार महिन्यांचं झालं होतं. घरात चार महिने सगळ्यांनी ती पांढरी शी पाहिली होती, आणि त्यांचं उत्तर तर्काला धरूनच होतं. फक्त दूध पिणाऱ्या बाळाची शी पिवळी किंवा हिरवट असते, पांढरी कधीच नसते, हे त्यांना सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

तेव्हा ताई, घरभेटीला जाल तेव्हा बाळाचं वजन घ्याच, पण चौदा दिवसांनंतरही डोळे पिवळे असतील तर लंगोट मागून घ्या. खोलीत अंधार असतो, दारात उजेडात या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शी पांढरी किंवा राखेसारखी फिकी असेल तर बारसं, चाळिसावा, कशासाठीही थांबू नका. त्याच दिवशी बाळाला गोंदियाला आणा, आणि चिठ्ठीवर लिहा, 'शी पांढरी आहे'.